अटकेपार नाव गाजवलेले राघोबादादा भाऊबंदकीत हरले, साष्टी मात्र इंग्रजांनी नेली

ठाणे : शहापूर, मुरबाड, कल्याणहून रोज हजारो माणसे वागळे इस्टेटला कामाला जातात. कळव्याची खाडी ओलांडली की साष्टी बेट लागते. वागळे इस्टेट याच बेटावर आहे. हे बेट मराठ्यांच्या हातून कसे गेले, त्याच्या मुळाशी पेशव्यांच्या घरातली एक भाऊबंदकी आहे.

रघुनाथराव म्हणजे राघोबादादा हे थोरल्या बाजीरावांचे चिरंजीव. जन्म १७३४ चा. तलवारीला धार आणि अंगात धमक. १७५८ साली ऐन तेविशीत त्यांनी लाहोर घेतले आणि मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या. पण मोहिमेतून लूट आली नाही, उलट कर्जाचा डोंगर झाला. त्यावरून घरात बोलणी ऐकावी लागली. पुढच्या मोठ्या मोहिमेला दादांऐवजी सदाशिवराव भाऊ गेले.

पानिपतानंतर १७६१ मध्ये नानासाहेब पेशवे वारले. गादीवर बसले १६ वर्षांचे माधवराव. कारभार मात्र काकांकडे होता. पोर मोठा होऊन स्वतः कारभार बघू लागला, तसे काकांच्या पोटात दुखू लागले. १७६२ साली दादांनी निजामाची मदत घेऊन पुतण्यावर फौज नेली. राज्य फुटू नये म्हणून माधवराव आळेगावला स्वतःहून काकांच्या स्वाधीन झाले. पण तेवढ्याने दादांचे मन भरले नाही. त्यांना राज्याची अर्धी वाटणी पाहिजे होती. शेवटी १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत हरले आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले.

हातची सत्ता गेलेल्या माणसाला कान भरणारे लगेच भेटतात. दादांचेही तेच झाले. कोणाला पगार हवा होता, कोणाला जुना राग काढायचा होता, कोणाला कारभारीपद पाहिजे होते. १७७२ मध्ये माधवराव गेले आणि धाकटे नारायणराव पेशवे झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पगार थकलेले गारदी वाड्यात घुसले. जीव वाचवायला नारायणराव धावत काकांकडेच गेले आणि तिथेच मारले गेले. वय फक्त १८. आनंदीबाईंनी ध चा मा केला असे लोक आजही सांगतात. पण रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरले ते खुद्द दादांना.

दादा पेशवे झाले, पण गादी पचली नाही. बारभाईंनी त्यांना पुण्यात टिकू दिले नाही. १८ एप्रिल १७७४ ला नारायणरावांना पुरंदरावर मरणोत्तर मुलगा झाला आणि दादांचा हक्कच संपला. मग ते इंग्रजांच्या दारी गेले. घरातले भांडण चव्हाट्यावर आले की बाहेरचा टपलेलाच असतो. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. आज त्याच किल्ल्यात ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. मार्च १७७५ मध्ये सुरतेच्या तहात दादांनी साष्टी आणि वसई इंग्रजांना लिहून दिली. हीच साष्टी त्यांचे सख्खे चुलते चिमाजी आप्पा यांच्या मोहिमेत १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतली होती.

पुढे सात वर्षे लढाई चालली. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडला आणि साष्टी ठेवून घेतली. दादांच्या वाट्याला महिना २५ हजारांचा तनखा आला. ११ डिसेंबर १७८३ रोजी कोपरगावला त्यांनी प्राण सोडला.

बाहेरच्या शत्रूला दादांनी अटकेपर्यंत मागे रेटले. पण पुतण्याचे मोठेपण त्यांना सोसले नाही. बांधाच्या वादात भावाला सोडून तिऱ्हाइताला मध्ये घेणारे आजही गावोगाव आहेत. जमीन शेवटी त्या तिऱ्हाइताचीच होते. साष्टीचे तसेच झाले.