संगीतकार हँडेल

जर्मनींतील हाले येथें १६८५ सालीं जॉर्ज फ्रेडरिक हँडेलचा जन्म झाला. मुलानें वकील व्हावें ही शस्त्रवैद्य बापाची इच्छा. मुलाचा जीव मात्र वाद्यांत. हँबर्ग व इटली येथें नांव मिळवून तो १७१० सालीं लंडनास आला. जन्मभरांत त्यानें चाळिसांवर संगीत नाटकें रचलीं; शिवाय इटलीहून गवई आणणें, त्यांचे रुसवे सोसणें, खेळ उभे करणें, हेंही त्याच्याच माथीं. पुढें प्रतिस्पर्धी मंडळी उभी राहिली, खेळांत तोटा आला, आणि १७३७ सालीं त्याचा उजवा हात लुळा पडला. दुसरा कोणी असता तर घरीं बसला असता. हँडेल बरा झाला, आणि पवित्र शास्त्रांतील विषयांवर, वेषभूषेवांचून गावयाच्या प्रबंधांकडे वळला.

त्यांपैकीं 'मसीहा' त्यानें १७४१ सालीं अवघ्या चोवीस दिवसांत लिहिला. पहिलें गायन १७४२ च्या एप्रिलांत डब्लिन येथें झालें. गर्दीस जागा व्हावी म्हणून स्त्रियांनीं घेरदार झगे व पुरुषांनीं तलवारी टाळाव्या, अशी विनंति आधीं छापावी लागली! उत्पन्न कर्जापायीं तुरुंगांत पडलेल्या लोकांसाठीं व दोन रुग्णालयांसाठीं दिलें गेलें. लंडनच्या अनाथाश्रमासही पुढें याच गायनानें पुष्कळ द्रव्य मिळालें. उतारवयांत दृष्टि गेली. तरी तो वाजवीत राहिला. ६ एप्रिल १७५९ रोजीं 'मसीहा' गाइला गेला, तेव्हां तो हजर होता. आठच दिवसांनीं तो मरण पावला.