रोल धुवायला कुणाकडे द्यायचा? जॉर्ज ईस्टमन आणि फोटो लॅबची गोष्ट

फोनवर फोटो काढला की पुढच्या सेकंदाला तो समोर दिसतो. मधलं सगळं काम, म्हणजे सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाचा हिशेब करणं, रंग ठरवणं, उजेड-सावली सांभाळणं, हे फोनमधली चिप करते. फिल्मच्या जमान्यात हे काम लॅब करायची. हल्ली बरेच जण कपाटातला जुना कॅमेरा काढून पुन्हा रोल भरतायत. काही जण तर थेट कलर स्लाइड फिल्मलाच हात घालतायत. आणि मग पहिला प्रश्न येतो: रोल विश्वासाने द्यायचा कुणाकडे?

हा प्रश्न आपल्याला पडतो तो मुख्यतः एका माणसामुळे. त्याच्याआधी फोटो काढणाऱ्यालाच सहसा तो धुवावाही लागायचा. जॉर्ज ईस्टमनने ही दोन कामं वेगळी केली. कोडॅकचा संस्थापक म्हणून त्याचं नाव तुमच्या कानावर असेल. पण तो आयुष्यभर विकत आला ती खरी गोष्ट कॅमेरा नव्हती, भरवसा होती. आणि हा भरवसा एकदा त्याच्या हातून पार सुटलाही होता.

बँकेतला कारकून

ईस्टमनचा जन्म १२ जुलै १८५४ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरव्हिल गावचा. वडिलांची रॉचेस्टर शहरात व्यापारी शिक्षणाची शाळा होती. जॉर्ज ७ वर्षांचा असताना वडील गेले. आईने घरात भाडेकरू ठेवून, त्यांच्या जेवणाखाण्याचं बघून संसार चालवला. दोन बहिणींपैकी एकीला पोलिओ झाला होता. १४ व्या वर्षी जॉर्जची शाळा सुटली आणि तो विमा कंपनीत ऑफिस बॉय म्हणून लागला. पगार आठवड्याला ३ डॉलर. पुढे १८७४ मध्ये तो रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कारकून झाला. पै-पैचा हिशेब वहीत लिहून ठेवायची सवय तेव्हापासूनची.

२४ च्या आसपास असताना त्याने सुट्टीत सँटो डोमिंगोला जायचं ठरवलं आणि तिथले फोटो काढायला कॅमेरा घेतला. ट्रिप झालीच नाही, पण कॅमेरा घरात आला. कॅमेरा म्हणजे काय, तर अख्खा संसार होता तो. मोठी पेटी, जड स्टँड, काचेच्या प्लेट्स, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचं भांडं आणि वर एक तंबू. तंबू कशासाठी? त्या काळच्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर रसायन लावायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत तिथल्या तिथे अंधारात धुवायचा. म्हणजे डोंगरावर फोटो काढायचा असेल तर लॅबही डोंगरावर न्यायची.

ईस्टमनने एका स्थानिक फोटोग्राफरला पैसे देऊन हे सगळं शिकून घेतलं, आणि लगेच त्याला त्याचा वैतागही आला. इंग्लंडच्या फोटोग्राफीच्या मासिकांत कोरड्या जिलेटिन प्लेटबद्दल छापून येत होतं. ही प्लेट आधी बनवून ठेवता येते आणि फोटो काढल्यावर सावकाश धुता येते. झालं. दिवसभर बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग. कित्येकदा तो चुलीशेजारी जमिनीवरच झोपायचा. १८७९ मध्ये त्याने लंडनला जाऊन प्लेटवर रसायनाचा थर देणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं. १८८१ च्या जानेवारीत, आईकडे राहणारा भाडेकरू हेन्री स्ट्राँग याचे पैसे घेऊन कंपनी सुरू केली आणि त्याच वर्षी बँकेची नोकरी सोडली.

प्लेट्स मेल्या

आणि मग १८८२ आलं. फोटोग्राफरांच्या तक्रारी यायला लागल्या की प्लेटवर काही उमटतच नाही. फोटो काढावा, धुवावा, आणि हातात धुरकट काच यावी. आधी कळलं की प्लेट जुनी झाली की तिची ताकद उतरते. दुकानदार नवा माल जुन्यावर रचायचे आणि वरचा आधी विकायचे, त्यामुळे खालचा माल पडून सडायचा. पण नंतर ताज्या प्लेट्सही बिघडायला लागल्या. फॉर्म्युला तोच, कामगार तेच, मशीन तेच. तरी काही केल्या जमेना.

ईस्टमनने कारखाना बंद केला आणि विकलेला माल परत घेऊन बदलून द्यायचं ठरवलं. नुकत्याच उभ्या राहिलेल्या कंपनीला हे परवडणारं नव्हतं. गप्प बसून नवीन गिऱ्हाईक शोधायचा रस्ता मोकळा होता, आणि तेव्हा कुणी त्याला जाबही विचारला नसता. तो स्ट्राँगसोबत इंग्लंडला गेला, न्यूकॅसलच्या मॉसन अँड स्वान कंपनीत. विजेच्या दिव्यावर काम केलेला जोसेफ स्वान तो हाच. तिथे प्लेट बनवायचं काम शिकून परत आल्यावर बिघाड सापडला: पुरवठ्यातलं जिलेटिन बदललेलं होतं. त्यानंतर आलेलं प्रत्येक जिलेटिन तपासूनच वापरायचं, हा नियम झाला.

जिलेटिनमध्ये असं काय होतं, हे कळायला आणखी ४० वर्षं लागली. १९२० च्या दशकात कोडॅकच्याच प्रयोगशाळेतल्या सॅम्युएल शेपर्डने दाखवलं की जिलेटिनमधले गंधकाचे अगदी किंचित अंश फिल्मला प्रकाशाबद्दल संवेदनशील बनवतात. जिलेटिन बनतं जनावरांच्या हाडा-कातड्यापासून, आणि हा गंधक त्यांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या झाडपाल्यातून येतो. गाईने काय चरलं यावर तुमचा फोटो येणार की नाही हे ठरत होतं! फोटो लॅबच्या भाषेत ज्याला आज प्रोसेस कंट्रोल म्हणतात, त्याचं मूळ माझ्या मते या १८८२ च्या फजितीत आहे.

कॅमेराच पोस्टाने पाठवा

काच जड, म्हणून ईस्टमन रोलकडे वळला. सुरुवातीचा रोल कागदाचा होता. धुतल्यावर त्यावरचा चित्राचा नाजूक पापुद्रा कागदापासून सोडवून पारदर्शक थरावर चढवावा लागायचा. हे काम घरी जमणं कठीण. हौशी लोक वैतागले, व्यावसायिकांनी नाक मुरडलं.

इथे ईस्टमनचं डोकं चाललं. लोकांना जमत नाही ना, मग ते त्यांना करायलाच लावायचं नाही. १८८८ मध्ये कोडॅक नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आला. नाव कुठल्याही भाषेतलं नाही. त्याला क हे अक्षर ठसठशीत वाटायचं, म्हणून बनवलेला शब्द. किंमत २५ डॉलर, म्हणजे त्याच्या पहिल्या नोकरीच्या ८ आठवड्यांच्या पगाराहून थोडी जास्त. आत १०० फोटोंचा रोल आधीच भरलेला. बघायला खिडकी नाही, अंदाजाने नेम धरायचा, किती फोटो झाले हेही आपणच लिहून ठेवायचं. रोल संपला की अख्खा कॅमेरा रॉचेस्टरला पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, छापून, नवा रोल भरून कॅमेरा घरी परत.

गोल गोल, अडीच इंचांचे फोटो असायचे ते. पण विचार करा, लोकांनी आपल्या मुलांचे, सहलींचे १०० क्षण एका पेटीत बंद करून, कधीही न पाहिलेल्या माणसांकडे पोस्टाने पाठवले. क्लाउडवर फोटो टाकताना आपण तेच करतो, फक्त आपल्याकडे बहुतेकदा मूळ फोटो फोनमध्ये राहतो. त्यांच्याकडे काहीच राहत नव्हतं.

पुढच्याच वर्षी पारदर्शक सेल्युलॉइड फिल्म आली आणि कागदाची कटकट गेली. एडिसनच्या चलच्चित्रांनाही हीच फिल्म लागली. १९०० मध्ये १ डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि फोटो शाळकरी मुलांच्या हातात गेला. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी सिनेमासाठी मागवली ती कोडॅकचीच कच्ची फिल्म. त्यांना मात्र धुवायला लॅब शोधायचा पर्यायच नव्हता. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचं काम सरस्वतीबाई फाळके घरातच अंधारात करत होत्या. हे नाव ईस्टमनइतकंच लक्षात राहायला हवं.

ईस्टमन साधुपुरुष होता असं समजू नका. सेल्युलॉइड फिल्मसाठी हॅनिबल गुडविन नावाच्या पाद्र्याने त्याच्याआधी, १८८७ मध्येच पेटंटचा अर्ज केला होता. खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९१४ मध्ये कोडॅकला ५० लाख डॉलर मोजावे लागले. तोवर गुडविन जाऊन १३ वर्षं झाली होती. प्रतिस्पर्धी कंपन्या विकत घेऊन बाजार ताब्यात ठेवल्याबद्दलही सरकारने कोडॅकला कोर्टात खेचलं. आणि याच माणसाने एमआयटीला मिस्टर स्मिथ या खोट्या नावाने कोट्यवधी डॉलर दिले, दातांचे दवाखाने काढले, रॉचेस्टरमध्ये संगीताचं विद्यालय उभं केलं. लग्न त्याने केलं नाही.

रंग, आणि पुन्हा पोस्ट

१९२३ मध्ये कोडॅकने घरगुती सिनेमासाठी १६ मिमीची फिल्म आणली. स्लाइडची गोष्ट इथे सुरू होते, कारण ही रिव्हर्सल फिल्म होती. साध्या रोलमध्ये आधी निगेटिव्ह तयार होते आणि तिच्यावरून प्रिंट. रिव्हर्सलमध्ये कॅमेऱ्यातली तीच फिल्म धुताना उलटवून थेट सरळ चित्र बनवतात. म्हणजे प्रत एकच, आणि लॅबमध्ये चूक झाली तर दुसरी संधी नाही. त्यामुळे फिल्मच्या किमतीतच धुण्याचे पैसे धरले होते आणि ती कोडॅककडेच पाठवायची होती. १८८८ चीच युक्ती, पुन्हा.

१९२८ मध्ये ईस्टमनने एडिसनसह बड्या पाहुण्यांना घरी बोलावून रंगीत घरगुती सिनेमा दाखवला. पण ती पद्धत किचकट होती, पडद्यावर चित्र अंधूक दिसायचं आणि ती टिकली नाही. खरा रंग आणला दोन संगीतकारांनी, लिओपोल्ड मॅनेस आणि लिओपोल्ड गोडोव्स्की यांनी. ते १९३० मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेत आले. अंधारात घड्याळ दिसत नाही म्हणून ते ब्राह्म्सची धून ठरलेल्या लयीत शिटीवर वाजवून फिल्म धुण्याची वेळ मोजायचे.

ईस्टमनने त्यांचं यश पाहिलं नाही. पाठीच्या कण्याच्या आजाराने तो खिळत चालला होता. १४ मार्च १९३२ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी त्याने आपलं आयुष्य संपवलं. ३ वर्षांनी कोडॅक्रोम बाजारात आली, आणि १९३६ पासून ती ३५ मिमी स्लाइडसाठीही मिळू लागली.

कोडॅक्रोमची गंमत अशी की फिल्ममध्ये रंग नसायचेच. ते धुताना, तीन वेगवेगळ्या डेव्हलपरमधून, एकेक करून चढवले जायचे. कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या लॅबचं हे काम नव्हतं. अमेरिकेत १९५४ मध्ये सरकारने फिल्म आणि धुलाई एकत्र विकायला बंदी केली, तेव्हा बाहेरच्या लॅबना दार उघडलं. शेवटी जगात एकच लॅब उरली, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावची ड्वेन्स फोटो. तिने ३० डिसेंबर २०१० पर्यंत रोल स्वीकारले. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरीने वापरला, त्यातले काही फोटो भारतातले आहेत. आज कुणाकडे न धुतलेली कोडॅक्रोम सापडली तर तिचे रंग काढून देणारी नेहमीची सेवा कुठेच नाही.

आजची स्लाइड फिल्म, एक्टाक्रोम वगैरे, ई-६ या प्रक्रियेने धुतात. रंगाची सोय फिल्ममध्येच असते, त्यामुळे काम सोपं आहे, पण माफ करणारं नाही. पहिला डेव्हलपर ३८ अंशांवर असावा लागतो, अर्ध्या अंशाचा फरकही चित्रात दिसतो. रसायन वापरात नसेल तर शिळं होतं. म्हणून लॅबला पहिला प्रश्न दराचा विचारू नका. ई-६ किती दिवसांनी चालवता, हे विचारा. ठरलेल्या दिवशी भरपूर रोल एकत्र धुणारी लॅब, अधूनमधून एखादा रोल धुणाऱ्या लॅबपेक्षा बरी. कंट्रोल स्ट्रिप चालवता का, तेही विचारा. ही कारखान्यातून ठरावीक प्रकाश देऊन आलेली पट्टी असते, ती धुऊन मोजली की रसायन बरोबर आहे का कळतं. रोल स्वतः धुता की दुसरीकडे पाठवता, याचं उत्तर सरळ मिळालं पाहिजे. डबीवर ई-६ ठळक लिहा, नाहीतर साध्या रोलच्या सी-४१ रसायनात तो गेला तर निगेटिव्ह होऊन, भलत्याच रंगात परत येईल.

आणि स्कॅन बघून लॅबला शाबासकी देऊ नका, स्कॅनमध्ये रंग सुधारता येतात. फिल्म न कापता परत मागा आणि पांढऱ्या उजेडासमोर धरून तिची कड बघा. कडेवर प्रकाश पडलेला नसतो, त्यामुळे ती गडद काळी हवी. तपकिरी किंवा हिरवट दिसली तर धुण्यात गडबड आहे. पहिला रोल बिनमहत्त्वाच्या फोटोंचाच पाठवा, लग्नाचा किंवा ट्रेकचा नंतर.