पाठीवर बिऱ्हाड घेऊन देश मोजणारा कर्नल

नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली, भोकर आणि हदगाव ही गावे नकाशावर पाहिली, तर ती जवळजवळ एकाच रेखांशाच्या आसपास दक्षिणोत्तर पसरलेली दिसतात. दोनशे वर्षांपूर्वी याच पट्ट्यातून एक अदृश्य रेषा आखली गेली. कन्याकुमारीजवळून निघून हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचलेली ही सुमारे २,४०० किलोमीटरची रेषा ‘ग्रेट आर्क’ या नावाने जगाच्या विज्ञानेतिहासात नोंदली गेली आहे. तिच्या टोकाशी आज सर्वांना नाव आठवते ते जॉर्ज एव्हरेस्टचे. मात्र ती रेषा आखण्याचे स्वप्न ज्याने पाहिले आणि त्यासाठी आयुष्याची शेवटची वीस वर्षे तंबूत काढली, तो विल्यम लॅम्बटन महाराष्ट्राच्याच मातीत, हिंगणघाट येथे चिरविश्रांती घेत आहे.

लॅम्बटनचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील नॉर्थॲलर्टनजवळ, १७५० च्या दशकात एका साध्या शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची, पण गणिताची गोडी विलक्षण. सैन्याच्या ३३ व्या पायदळ पलटणीत त्याला जागा मिळाली आणि तो अमेरिकेतील स्वातंत्र्ययुद्धावर गेला. १७८१ मध्ये यॉर्कटाऊन येथे इंग्रजांनी शरणागती पत्करली, तेव्हा युद्धकैद्यांत तोही होता. सुटका झाल्यावर कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात नव्या वसाहतवाल्यांच्या जमिनी मोजून देण्याचे काम त्याच्याकडे आले. त्या आडबाजूच्या मुलखात त्याने जवळजवळ एकट्याने उच्च गणित आणि भूमापनाचा अभ्यास केला. सूर्यग्रहण पाहताना त्याच्या एका डोळ्याला इजा झाली, असे सांगितले जाते. पुढे दुर्बिणीला डोळा लावून आयुष्य काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा दैवदुर्विलासच म्हणायचा!

श्रीरंगपट्टणची ती रात्र

१७९६ च्या सुमारास लॅम्बटन आपल्या पलटणीबरोबर हिंदुस्थानात आला. पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत एका रात्रीच्या कूचाच्या वेळी लॅम्बटनने आकाशातील ताऱ्यांवरून ओळखले, की फौज उत्तरेऐवजी दक्षिणेकडे, म्हणजे थेट टिपूच्या छावणीकडे चालली आहे. त्याने वेळीच सावध केल्यामुळे अनर्थ टळला.

म्हैसूरचे राज्य पडले आणि कंपनी सरकारच्या हाती अफाट मुलूख आला. तो नेमका किती मोठा आहे, हे कोणालाच धड ठाऊक नव्हते. लॅम्बटनने पुढे केलेली योजना मात्र केवळ महसुली नकाशाची नव्हती. दक्षिणेकडून उत्तरेकडे त्रिकोणांची साखळी नेऊन पृथ्वीचा आकारच तपासावा, अशी त्याची कल्पना होती. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, हे तोवर मान्य झाले होते. ती नेमकी किती चपटी, हे ठरविण्यासाठी विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातील लांब आणि अचूक मापाची गरज होती. वेलस्लीच्या शिफारशीने मद्रास सरकारने योजनेला मान्यता दिली.

एका बाजूवरून त्रिकोण

या कामाची पद्धत ऐकायला सोपी आहे. सपाट जमिनीवर एक आधाररेषा अत्यंत काटेकोरपणे मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे दुर्बीण रोखून कोन घ्यायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. त्यातील एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा आधार बनते आणि साखळी पुढे सरकते.

प्रत्यक्षात मात्र हे काम जीवघेणे होते. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पहिली आधाररेषा मोजण्यास प्रारंभ झाला. जेमतेम साडेसात मैलांच्या या रेषेला ५७ दिवस लागले. १०० फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांतून, तिवयांवर समतल ठेवून, तंबूच्या सावलीत ताणली जाई. उन्हाने पोलाद किती प्रसरण पावले, हे समजण्यासाठी प्रत्येक वेळी उष्णतामापकाची नोंद होई.

कोन मोजण्यासाठी लंडनच्या विल्यम केरीकडून मोठा थिओडोलाइट बनवून घेतला होता. त्याच्या आडव्या चक्राचा व्यास तीन फूट आणि वजन सुमारे अर्धा टन. तो घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. पण यंत्र विज्ञानाच्या कामाचे आहे हे लक्षात येताच तेथील फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिले.

हे धूड उचलायला डझनभर माणसे लागत. खडबडीत वाटेवर गाडीच्या चाकांचा प्रत्येक हादरा चक्रावरच्या सूक्ष्म खुणांना धोक्याचा. तंबू, राहुट्या, साखळी, पेट्या, तिवया, धान्य आणि पाण्याच्या पखाली असा सारा पसारा बरोबर वाहून न्यावा लागे. आपल्याकडे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असे म्हणतात. लॅम्बटनच्या बिऱ्हाडात तर वेधशाळाच होती! हिंदुस्थानात त्याने संसार मांडला, त्याला मुले झाली, पण त्या संसारालाही स्थिर असे घर क्वचितच लाभले. छावणी हेच त्याचे घर होते.

पहिल्याच काही वर्षांत या खटाटोपाचे फळ दिसले. मद्रासपासून मंगळूरपर्यंत नेलेल्या त्रिकोणांवरून द्वीपकल्पाची रुंदी तेथे सुमारे ३६० मैल भरली. तोवरच्या नकाशांत ती ४०० मैल होती. कागदावरचे ४० मैल एका फटक्यात नाहीसे झाले.

१८०८ मध्ये तंजावरला मोठा प्रसंग ओढवला. भोवताली सपाट भातशेती आणि टेकडी एकही नाही, म्हणून थिओडोलाइट बृहदीश्वर मंदिराच्या उंच शिखरावर चढविला जात होता. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे चक्र वेडेवाकडे झाले. दुसरा कोणी असता तर काम तेथेच थांबले असते. लॅम्बटन त्रिचनापल्लीला गेला आणि सुमारे सहा आठवडे जवळजवळ कोंडून घेऊन चक्र मूळ आकारात आणण्यासाठी खपत राहिला. यंत्र पुन्हा उभे राहिले. ती जखम मात्र पुढे या मोजणीच्या वाट्याला येणारच होती.

गोदावरीच्या दिशेने

१८११ मध्ये गुत्ती आणि १८१५ मध्ये बीदरजवळील दामरगिद्दा येथे नव्या आधाररेषा मोजण्यात आल्या. कन्याकुमारीपासून येथवर जवळजवळ दहा अंशांचा कंस पूर्ण झाला होता. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ एवढा लांब कंस तोवर कोणीच मोजला नव्हता. लॅम्बटन तेव्हा साठीच्या घरात पोहोचला होता. निवृत्त होऊन मायदेशी परतला असता तरी त्याचे नाव राहिले असते. त्याने उत्तरेची वाट धरली.

दामरगिद्द्याहून सरळ उत्तरेला सुमारे ५५ किलोमीटरवर देगलूर येते. तेथून पुढे रेषा आजच्या नांदेड जिल्ह्यातून गोदावरी ओलांडते आणि पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात उतरते. हा सारा मुलूख तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली होता. बालाघाटच्या डोंगररांगांचे फाटे, मांजरा, मन्याड, लेंडी यांची खोरी, काळ्या पाषाणाचे कडे आणि मधूनमधून दाट रान. टेकड्यांची उंची फार नाही, पण वाटा अशा नव्हत्याच. माथ्यावर जायचे तर झाडे तोडून चढण मोकळी करावी लागे, वर दगडी चौथरा रचावा लागे आणि मग यंत्र खांद्यांवरून वर न्यावे लागे. समोरच्या टेकडीवर निशाण घेऊन बसलेल्या माणसांना कित्येकदा दिवसचे दिवस वाट पाहावी लागे.

त्यातही ऋतूचा पेच होता. उन्हाळ्यात हवा धुळीने भरते, उष्णतेने थरथरते आणि दूरचे निशाण दुर्बिणीत नाचू लागते. पावसाच्या सरींनी हवा धुऊन निघाली, की मात्र कित्येक मैलांवरची टेकडी स्वच्छ दिसते. म्हणून लॅम्बटनचा भर पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर लगेच कोन घेण्यावर असे. मराठवाड्याच्या काळ्या कापसाळ जमिनीत त्या दिवसांत काय होते, हे येथील प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. गाडीचे चाक तुंब्यापर्यंत रुतते, बैल गुडघ्यापर्यंत चिखलात जातो आणि ओढ्यानाल्यांना उतार राहत नाही. दृष्टी ज्या दिवसांत सर्वांत मोकळी, त्याच दिवसांत वाट सर्वांत बंद. ताप पसरतो तोही याच दिवसांत. १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या दरम्यानच्या जंगलात काम करताना लॅम्बटनचा तरुण साहाय्यक जॉर्ज एव्हरेस्ट आणि त्याच्या तुकडीतील असंख्य माणसे तापाने अंथरुणाला खिळली. एव्हरेस्टला प्रकृती सुधारण्यासाठी केप ऑफ गुड होपला जावे लागले. निशाणे धरणारे, पालखी-पेट्या वाहणारे, झाडे तोडणारे हमाल आणि खलाशी यांना अशी रजा नव्हती. त्यातील कित्येकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

मुलूखही शांत नव्हता. पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८१७-१८ चे मराठे-इंग्रज युद्ध यांमुळे सारा भाग ढवळून निघाला होता. जानेवारी १८१९ मध्ये हदगाव परिसरात नौसाजी नाईक या हटकर सरदाराच्या गढीला निजामाच्या फौजेने वेढा घातला आणि भीषण लढाईनंतर ती जिंकली. अशा प्रदेशात परके लोक डोंगरमाथ्यावर निशाणे रोवतात आणि नळकांड्यातून गावाकडे पाहतात, याचा संशय येणे स्वाभाविकच होते. दुर्बिणीतून पडद्याआडच्या स्त्रिया दिसतात, अशी भीतीही लोकांत होती. रेषा ओढणारा पुढे सत्ताही ओढून नेतो, हा लोकांचा कयास अगदीच चुकीचा नव्हता. नकाशा आणि राज्यविस्तार या दोन्ही गोष्टी त्या काळी हातात हात घालूनच चालत.

दरम्यान १ जानेवारी १८१८ पासून ही मोजणी ‘ग्रेट ट्रिगनोमेट्रिकल सर्व्हे ऑफ इंडिया’ या नावाने हिंदुस्थान सरकारच्या थेट अखत्यारीत आली. लंडनच्या रॉयल सोसायटीने आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीने लॅम्बटनचा सन्मान केला. मद्रासच्या सर्वेक्षण शाळेत तयार झालेला जोशुआ द पेनिंग हा त्याचा उजवा हात, तर डॉ. हेन्री व्हॉयसी हा वैद्य आणि भूगर्भतज्ज्ञ त्याच्या पथकात होता. लॅम्बटनच्या देखरेखीखाली त्रिकोणांची साखळी गोदावरी ओलांडून वऱ्हाडात पोहोचली आणि १८२२ मध्ये एलिचपूर परिसरातील टाकरखेडा येथे एव्हरेस्टने आधाररेषा मोजली.

त्याच वर्षी एव्हरेस्टकडे आणखी एक काम आले. दामरगिद्द्याहून पश्चिमेला, १८ व्या अक्षांशाच्या आसपास, मुंबईच्या दिशेने त्रिकोणांची साखळी न्यायची. आजच्या लातूर जिल्ह्यातील निलंगा आणि औसा हे तालुके याच वाटेवरच्या पट्ट्यात येतात. अशा रीतीने नांदेडचा पट्टा देशाच्या उभ्या कण्याला, तर लातूरचा दक्षिण भाग मुंबईकडे जाणाऱ्या आडव्या फांदीला जोडला गेला.

हिंगणघाटचा मुक्काम

रेषा उत्तरेला सरकली, तसे मुख्य ठाणेही हैदराबादहून नागपूरला हलविण्याचे ठरले. लॅम्बटन तेव्हा सत्तरीला टेकला होता. छातीचा विकार बळावला होता, खोकल्याने शरीर पोखरले होते. तरीही कागदपत्रे, यंत्रे आणि आपल्या माणसांसह तो छावणी घेऊन निघाला. नागपूर तीन-चार मुक्कामांवर असताना, २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले. तोवर त्याच्या पथकाने सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैलांचा प्रदेश त्रिकोणांच्या जाळ्यात आणला होता.

मुंबईकडची साखळी अर्धवट सोडून एव्हरेस्टला सूत्रे हाती घ्यावी लागली. त्याने हे काम १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेले. मात्र तंजावरला आदळलेल्या थिओडोलाइटवर त्याचा पूर्ण विश्वास नव्हता. म्हणून नव्या उपकरणांनिशी दामरगिद्द्यापर्यंतचा भाग पुन्हा मोजण्यात आला आणि १८४१ मध्ये बीदरची आधाररेषाही नव्याने तपासली गेली. मराठवाड्यातील याच टेकड्या माणसांनी दुसऱ्यांदा चढल्या. लॅम्बटनच्या मापांतील त्रुटी सुधारल्या गेल्या, पण त्याने ठरविलेला मार्ग बदलावा लागला नाही.

या कंसाच्या मापांवरून १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे प्रमाण एव्हरेस्टने मांडले, त्याच्या आधारे भारताचे अधिकृत नकाशे पुढे पावणेदोन शतके काढले गेले. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरी वापराच्या नव्या नकाशांसाठी उपग्रहांवर आधारित जागतिक प्रमाण स्वीकारण्यात आले. जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. त्या शिखराची उंची ज्या मोजणीवर उभी राहिली, तिचा आरंभ करणाऱ्या लॅम्बटनचे नाव मात्र अभ्यासकांपुरतेच उरले. हिंगणघाटपासून देगलूरपर्यंतच्या ज्या भागातून त्याची साखळी गेली, तेथील शाळांत भूगोल शिकविताना या रेषेचा उल्लेख झाला, तर विद्यार्थ्यांना आपल्या गावामागची टेकडीही वेगळ्या नजरेने पाहता येईल.