योग्य माणूस, योग्य काम : वॉल्टर डिल स्कॉट

आज एका अशा माणसाची ओळख करून घेऊया, ज्याने लष्कराला माणसं पारखायला शिकवलं.

वॉल्टर डिल स्कॉट यांचा जन्म १८६९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात शेतकरी कुटुंबात झाला. लहान वयातच शेतीची कामं अंगावर पडली. नांगरताना घोड्यांना विसावा द्यावा लागे, तेवढ्या वेळातही ते पुस्तक उघडत. धर्मप्रसारासाठी चीनला जायचं त्यांच्या मनात होतं, पण ते जमलं नाही. मग ते मानसशास्त्राकडे वळले. जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांच्याकडे शिकून १९०० साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. परत आल्यावर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ते शिकवू लागले.

१९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली. थोड्या काळात हजारो अधिकारी हवे होते. कोणाला कोणतं काम द्यायचं? ओळख-वशिल्याने निवड झाली, तर किंमत सैनिकांच्या जिवाने मोजावी लागणार होती. रॉबर्ट यर्क्स यांचा भर बुद्धिमापन चाचण्यांवर होता. स्कॉट यांचं त्यांच्याशी पटलं नाही. एकट्या बुद्धीवरून अधिकारी कसा ओळखणार?

स्कॉट यांनी साधी पट्टी तयार केली. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव आणि सेवेतील एकूण उपयुक्तता असे पाच गुण घेतले. प्रत्येक गुणासाठी वरिष्ठाने आपल्या ओळखीचे पाच अधिकारी, सर्वोत्तमापासून अगदी कमी असणाऱ्यापर्यंत, आधी लिहायचे. मग नव्या माणसाची तुलना त्यांच्याशी करायची. ही पट्टी निर्दोष नव्हती. प्रत्येकाच्या ओळखीची माणसं वेगळी, म्हणून मापही थोडं वेगळं. तरी न्याय करणाऱ्याला एकेका गुणाचा वेगळा विचार करावाच लागे. सैनिकांसाठी माहितीपत्रं आणि कारागिरीच्या चाचण्या होत्या. मी सुतार आहे, असं नुसतं म्हणून चालत नसे, ते सिद्ध करावं लागे.

या कामाबद्दल स्कॉट यांना लष्कराचं सन्मानपदक मिळालं. १९२० ते १९३९ ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे अध्यक्ष होते. १९५५ साली त्यांचं निधन झालं.

आपण मात्र अजूनही मुलाला एकाच टक्केवारीत बसवतो. गणितात मागे असलेली मुलगी सहलीत पन्नास जणांना नीट सांभाळते, हे प्रगतिपुस्तकात कुठे दिसतं? या वर्षी शेरा लिहिताना "हुशार" किंवा "कच्चा" एवढ्यावर थांबू नका. कोणत्या कामात, हेही लिहा.