शून्यातून उभी राहिलेली उद्योजिका : मॅडम सी. जे. वॉकर

उद्योग-व्यवसायात नाव कमावलेल्या व्यक्तींची चरित्रे वाचताना बहुधा असे आढळते की, आरंभी त्यांच्यापाशी फार काही नसले तरी काहीतरी होतेच. कोणाजवळ वडिलांची छोटीशी पेढी होती, कोणाला मामाच्या ओळखीने पहिली उधारी मिळाली, कोणाच्या आईने दागिने मोडून भांडवल उभे केले. निदान चार इयत्तांचे शिक्षण तरी गाठीशी होते. परंतु जिच्यापाशी यांपैकी काहीही नव्हते, उलट जन्माने, वर्णाने आणि स्त्री म्हणून जिच्या वाट्याला केवळ अडथळेच आले होते, अशा एका स्त्रीने आपल्या हयातीतच मोठा कारखाना उभारला आणि हजारो भगिनींना स्वतःच्या पायावर उभे केले. अमेरिकेतील या स्त्रीचे नाव मॅडम सी. जे. वॉकर. तिची जीवनकथा आपणा सर्वांना, विशेषतः घर सांभाळून काहीतरी करू पाहणाऱ्या भगिनींना, निश्चितच मननीय वाटेल.

बालपण आणि पोरकेपण

तिचे मूळ नाव सारा ब्रीडलव्ह. २३ डिसेंबर १८६७ रोजी लुइझियाना राज्यातील डेल्टा या गावी, मिसिसिपी नदीकाठच्या एका कापसाच्या मळ्यावर तिचा जन्म झाला. तिचे आईवडील, ओवेन आणि मिनर्व्हा, याच मळ्यावर गुलाम म्हणून राबले होते. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, तरी पोटासाठी त्याच जमिनीवर बटाईने कापूस पिकविण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते. भावंडांमध्ये स्वतंत्र म्हणून जन्मास आलेली सारा ही पहिलीच. आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तेथील लोकांना अर्पण केला, त्या वेळी सारा पाच वर्षांची होती. कायद्याने मिळालेले स्वातंत्र्य आणि पोटाला मिळणारी भाकर यांच्यात केवढे अंतर असते, हे तिच्या बालपणाकडे पाहून कळते.

सातव्या वर्षी आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले. थोरल्या बहिणीसोबत ती नदीपलीकडील व्हिक्सबर्ग शहरात आली आणि दहाव्या वर्षाच्या आसपास लोकांच्या घरी कामाला लागली. शाळेचे तोंड तिने फार तर काही महिने पाहिले असेल. मेहुण्याच्या जाचाला कंटाळून चौदाव्या वर्षी तिने मोझेस मॅकविल्यम्स यांच्याशी विवाह केला. १८८५ साली कन्या लेलिया हिचा जन्म झाला. पण दैवाने पुन्हा घाला घातला. विसाव्या वर्षी सारा विधवा झाली. पदरात लहानगी मुलगी, गाठीला पैसा नाही, पाठीशी कोणी नाही, अशी तिची स्थिती होती.

धुण्याच्या टबापाशी गेलेली वर्षे

तिचे भाऊ सेंट लुईस शहरात केशकर्तनाचा व्यवसाय करीत. त्यांच्या आधाराने ती तेथे गेली आणि कपडे धुण्याचे काम करू लागली. पाणी तापवायचे, दाहक साबणाने हात सोलवटून घ्यायचे, टबावर वाकून तासन्‌तास कपडे घासायचे आणि दिवसाला जेमतेम डॉलर-दीड डॉलर मिळवायचा, असा तिचा क्रम सुमारे पंधरा वर्षांहून अधिक काळ चालला. मधल्या काळात झालेला दुसरा विवाहही सुखाचा ठरला नाही. मात्र या काबाडकष्टांतही एक गोष्ट तिने सोडली नाही. पैशाला पैसा जोडून तिने आपल्या मुलीला टेनेसीमधील नॉक्सव्हिल येथे शिक्षणासाठी पाठविले. शहरातील प्रार्थनामंदिरात येणाऱ्या सुशिक्षित कृष्णवर्णीय स्त्रियांचा नीटनेटका पेहराव, त्यांचे बोलणे आणि गरजूंसाठी चाललेले त्यांचे कार्य ती जवळून पाहत होती. आपलेही आयुष्य असे होऊ शकेल काय, हा विचार तिच्या मनात तेथेच रुजला.

याच काळात तिचे केस झपाट्याने गळू लागले. हा त्रास तिच्या एकटीचा नव्हता. गरिबांच्या घरी नळाचे पाणी नसे, त्यामुळे केस क्वचितच धुतले जात. डोक्याच्या कातडीला कोंडा आणि खरूज होऊन अनेक स्त्रियांना टक्कल पडे. बाजारातील वस्तू प्रामुख्याने गोऱ्या ग्राहकांसाठी बनत. या दुर्लक्षित स्त्रियांचे दुःख कोणाला दिसत नव्हते. स्वतः ते भोगलेल्या साराला मात्र ते दिसले आणि तिच्या व्यवसायाचा पाया येथेच घातला गेला.

व्यवसायाचा आरंभ

आरंभी तिने अ‍ॅनी टर्नबो या कृष्णवर्णीय उद्योजिकेच्या केशवर्धक मालाची विक्री-प्रतिनिधी म्हणून काम केले. अ‍ॅनी टर्नबो पुढे अ‍ॅनी मलोन या नावाने प्रसिद्धीस आल्या. १९०५ साली सारा डेन्व्हर येथे गेली. तेथे स्वयंपाकीण म्हणून काम करीत असतानाच तिने आपले स्वतःचे मलम तयार केले. त्याची कृती आपल्याला स्वप्नात मिळाली, असे ती सांगे. आपली नक्कल केल्याचा आरोप टर्नबो यांनी पुढे केला. गंधकयुक्त मलमे त्यापूर्वीही प्रचारात होती, हे येथे नमूद करणे उचित होईल. म्हणजे तिचे वेगळेपण मलमात नव्हते, ते मलम लोकांपर्यंत नेण्याच्या पद्धतीत होते.

१९०६ च्या जानेवारीत वृत्तपत्र-जाहिरातींचे काम करणाऱ्या चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी तिचा विवाह झाला आणि 'मॅडम सी. जे. वॉकर' हे नाव तिने धारण केले. त्या काळी गोरे लोक कृष्णवर्णीय स्त्रीला, मग ती कितीही वडीलधारी असो, केवळ पहिल्या नावाने हाक मारीत. डब्यावर छापलेला 'मॅडम' हा शब्द त्यामुळे आपला मान आपण राखणारा होता. डब्यांवर आणि जाहिरातींत त्यांनी स्वतःचेच छायाचित्र दिले.

दारोदार जाऊन, प्रार्थनामंदिरांच्या आवारात सभा घेऊन, स्त्रियांचे केस स्वतःच्या हातांनी धुऊन दाखवीत त्यांनी दक्षिणेतील राज्ये पालथी घातली. टपालाने मागण्या येऊ लागल्या. आहे एवढ्यावर समाधान मानावे, असे पतीचे मत होते. मॅडम वॉकर यांना ते मानवले नाही. पुढे १९१२ साली ते दोघे विभक्त झाले.

कारखाना आणि हजारो हात

१९०८ साली पिट्सबर्ग येथे त्यांनी मुलीच्या नावाने 'लेलिया कॉलेज' ही प्रशिक्षण संस्था सुरू केली. १९१० साली रेल्वेमार्गांचे मोठे केंद्र असलेल्या इंडियानापोलिस येथे त्यांनी कारखाना उभारला आणि १९११ साली कंपनीची रीतसर नोंदणी केली. त्यांच्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतलेली स्त्री आपल्या गावी केशसेवेचा व्यवसाय करी, माल विके आणि त्यावर आपला नफा मिळवी. धुणीभांडी करून मिळणाऱ्या मजुरीपेक्षा ही मिळकत कितीतरी अधिक होती आणि कोणाच्या मागच्या दाराने आत शिरण्याची पाळी येत नव्हती. आपण सुमारे वीस हजार प्रतिनिधींना प्रशिक्षण दिले, असे कंपनी सांगत असे.

स्वतःच्या शिक्षणाची उणीवही त्यांनी झाकून ठेवली नाही. एका शिक्षिकेला कंपनीत नोकरीस ठेवून त्यांनी तिच्याकडून लेखन, वाचन आणि सभेत बोलण्याचे धडे प्रौढ वयात घेतले.

भर सभेतील प्रसंग

१९१२ साली शिकागो येथे कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले होते. थोर नेते बुकर टी. वॉशिंग्टन अध्यक्षस्थानी होते. मॅडम वॉकर यांना बोलू द्यावे, ही विनंती त्यांनी मनावर घेतली नाही. पुरुष व्यापारी एकामागून एक आपली यशोगाथा सांगत होते. अखेरच्या दिवशी मॅडम वॉकर स्वतःच उभ्या राहिल्या. आपण कापसाच्या शेतातून धुण्याच्या टबापाशी, तेथून स्वयंपाकघरात आणि मग स्वतःच्या बळावर उद्योगात आलो, आणि आपला कारखाना आपल्याच मालकीच्या जमिनीवर बांधला आहे, असे त्यांनी निर्धाराने सांगितले. आपल्या पूर्वायुष्याची त्यांना लाज नव्हती. पुढच्याच वर्षी, १९१३ साली, त्याच वॉशिंग्टन यांनी त्यांना वक्त्या म्हणून सन्मानाने पाचारण केले.

दानशूर वृत्ती आणि सामाजिक बांधिलकी

१९११ साली इंडियानापोलिसमधील कृष्णवर्णीय युवकांच्या वाय. एम. सी. ए. इमारतीसाठी त्यांनी एक हजार डॉलर देण्याचे जाहीर केले, तेव्हा सारे शहर चकित झाले. याच शहरात एका चित्रपटगृहात इतरांना १० सेंट असलेल्या तिकिटासाठी कृष्णवर्णीयांकडून २५ सेंट मागण्यात आले. त्यांनी तो अपमान निमूटपणे न गिळता न्यायालयात दाद मागितली. त्यांनी कल्पिलेली, चित्रपटगृहासह सर्व सोयींनी युक्त अशी 'वॉकर बिल्डिंग' त्यांच्या पश्चात १९२७ साली उभी राहिली.

१९१७ साली फिलाडेल्फिया येथे त्यांनी आपल्या प्रतिनिधी भगिनींचे पहिले अधिवेशन भरविले. दोनशेहून अधिक स्त्रिया जमल्या होत्या. तेथे सर्वाधिक विक्री करणाऱ्या भगिनींना बक्षिसे मिळालीच, परंतु आपापल्या गावी सर्वाधिक दानधर्म करणाऱ्यांनाही बक्षिसे देण्यात आली. त्याच वर्षी ईस्ट सेंट लुईस येथे कृष्णवर्णीयांची भीषण कत्तल झाली. झुंडबळीविरुद्ध कायदा व्हावा, यासाठी हार्लेममधील नेत्यांसमवेत मॅडम वॉकर राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी गेल्या. राष्ट्राध्यक्ष विल्सन त्यांना भेटले नाहीत. त्या खचल्या नाहीत. १९१९ साली याच कार्यासाठी त्यांनी पाच हजार डॉलरची देणगी जाहीर केली. असा कायदा अमेरिकेत प्रत्यक्षात येण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

अखेर

१९१८ साली हडसन नदीकाठी आयर्विंग्टन येथे, एका कृष्णवर्णीय वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार बांधलेल्या प्रशस्त घरात त्या राहावयास गेल्या. ते सुख फार काळ लाभले नाही. उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार बळावला असतानाही, डॉक्टरांचा सल्ला बाजूस सारून त्यांनी प्रवास चालूच ठेवला. अखेर २५ मे १९१९ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. वृत्तपत्रांनी त्यांना दशलक्ष डॉलरच्या धनी म्हटले होते. प्रत्यक्ष मोजदाद त्याहून कमी भरली. भावी नफ्यातील दोन तृतीयांश भाग धर्मादाय कार्यास द्यावा, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात करून ठेवली होती. १९९८ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

आज आपल्या घराघरांतून पापड, मसाले, शिवणकाम असे लहानमोठे उद्योग करणाऱ्या अनेक भगिनी आहेत. भांडवल नाही, शिक्षण कमी आहे, कोणाची ओळख नाही, या विवंचनेने त्यांची पावले अडखळतात. मॅडम वॉकर यांच्यापाशीही यांतले काही नव्हते. आपल्या स्वतःच्या दुःखात दुसऱ्या असंख्य स्त्रियांची गरज त्यांनी ओळखली, आणि आपण एक पायरी वर चढताच मागे वळून दुसरीला हात दिला. एकटीने श्रीमंत होणे त्यांना पुरेसे वाटले नाही. आपल्याबरोबर किती जणींचे हात धुण्याच्या टबातून बाहेर आले, हाच त्यांच्या यशाचा खरा हिशेब होय. तो हिशेब आपल्या भगिनींनीही डोळ्यांपुढे ठेवावा, म्हणूनच हे चरित्र येथे सादर केले आहे.