एकल उड्डाण : जे. आर. डी. टाटा

आखाडा बाळापूरसारख्या गावी राहून, शिक्षक समोर नसताना तुम्ही हा अभ्यास करीत आहात. म्हणून जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांच्या चरित्रातील शिक्षणाचा भाग येथे विशेषत्वाने पाहू.

१९०४ मध्ये पॅरिसला जन्मलेल्या जे. आर. डीं.ना विमानाची ओढ बालपणीच लागली. शिकण्याची संधी मात्र चोविसाव्या वर्षी मुंबईत मिळाली. प्रशिक्षणाच्या विमानात दुहेरी नियंत्रणे असतात. शिष्याची चूक गुरू सावरून घेतो. एकल उड्डाणात गुरूची जागा रिकामी असते. बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये अवघ्या पावणेचार तासांच्या सरावानंतर ते एकटे उडाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी पस मॉथ विमानातून त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले. त्या सेवेतूनच पुढे एअर इंडिया उभी राहिली. १९८२ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कराची ते मुंबई हे उड्डाण त्यांनी पुन्हा केले. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

गुरूची जागा रिकामी झाल्यावर येणारी जबाबदारी त्यांनी अशी जन्मभर सांभाळली. पदवी हाती आल्यावर तुमच्यावरही तीच येणार आहे.