अंडाशय व कर्करोगाचा दुवा शोधणारे बीटसन

काही कर्करोगांची वाढ शरीरातील संप्रेरकांवर अवलंबून असते, हे आज सर्वमान्य आहे. हा विचार ज्यांच्या शस्त्रक्रियेतून प्रथम पुढे आला, ते स्कॉटिश शल्यविशारद सर जॉर्ज टॉमस बीटसन. त्यांनी ती शस्त्रक्रिया केली तेव्हा 'हॉर्मोन' हा शब्दही रूढ झालेला नव्हता. तो आला १९०५ मध्ये.

बीटसन यांचा जन्म १८४८ मध्ये श्रीलंकेतील त्रिंकोमाली येथे झाला. वडील लष्करी वैद्यक. केंब्रिज व एडिंबरो येथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी जोसेफ लिस्टर यांच्या हाताखाली उमेदवारी केली. एम. डी. च्या प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो दुग्धस्रवणाचा. व्यायल्यानंतर गायीचे अंडाशय काढल्यास ती दीर्घकाळ दूध देत राहते, ही पशुपालकांची माहिती त्यांच्या कानी आली. त्यांनी सशांवर प्रयोग केले. एका अवयवाची सत्ता दूरच्या दुसऱ्या अवयवावर चालते, ही कल्पना त्यांच्या मनात रुजली ती तेव्हापासून.

पुढे ते ग्लासगोच्या कर्करोग रुग्णालयात दाखल झाले. कर्करोग परजीवी जंतूमुळे होतो, असे त्या काळी अनेकांचे मत होते. बीटसन यांना ते पटत नव्हते. १८९५ मध्ये ३३ वर्षांची एक विवाहिता त्यांच्याकडे आली. तिचा स्तन आधीच काढलेला होता, पण रोग छातीवर पुन्हा पसरला होता आणि आता शस्त्रक्रियेने तो काढणे शक्य नव्हते. १५ जून रोजी बीटसन यांनी तिचे दोन्ही अंडाशय काढले. त्याबरोबर थायरॉइडच्या गोळ्याही दिल्या. आठ महिन्यांनी गाठींचा मागमूस उरला नव्हता. ती आणखी सुमारे चार वर्षे जगली. रोग मात्र अखेर परतला.

१८९६ मध्ये हे वृत्त 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. अंडाशय काढण्याची सूचना जर्मनीचे शिंझिंगर यांनी १८८९ मध्येच केली होती, पण प्रत्यक्षात ती आणली बीटसन यांनी. अंडाशय काढल्यास कर्करोगाच्या पेशी दूध देणाऱ्या पेशींप्रमाणे मेदात रूपांतरित होऊन नष्ट होतील, असा त्यांचा तर्क होता. तो टिकला नाही. परिणाम मात्र खरा होता, आणि तोही सर्वांनाच लाभणारा नव्हता. १९०० मध्ये स्टॅन्ले बॉइड यांनी अनेक रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांनाच गुण आल्याचे दिसले. असे का, याचा उलगडा एल्वूड जेन्सन यांच्या १९५८ पासूनच्या संशोधनाने झाला. इस्ट्रोजेन धरून ठेवणारे 'ग्राही' म्हणजे रिसेप्टर ज्या गाठीत असतात, तीच गाठ संप्रेरक तोडल्यावर आक्रसते. खुद्द अंडाशयाच्या कर्करोगातही, विशेषतः संथ वाढणाऱ्या 'लो-ग्रेड सीरस' प्रकारात, हे ग्राही मोठ्या प्रमाणात आढळतात आणि लेट्रोझोलसारखी औषधे तेथे वापरली जातात.

बीटसन यांना १९०७ मध्ये 'सर' ही पदवी मिळाली. पहिल्या महायुद्धात स्कॉटिश रेड क्रॉसच्या कामात त्यांनी स्वतःला झोकून दिले. ते अविवाहित राहिले. १९३३ मध्ये ग्लासगो येथे त्यांचे निधन झाले. तेथील कर्करोग केंद्र आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.